झीज रोखणारे बीड : कोणते, कुठे आणि कसे वापरावे?

(विश्रांतवाडी, पुणे येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की ओतीव लोखंडाची चर्चा कारखानदारांपुढे करावी, शेतकऱ्यांपुढे कशाला? परंतु विहिरीवरच्या पंपापासून गुऱ्हाळाच्या चरकापर्यंत आणि डिझेल इंजिनपासून भातगिरणीपर्यंत पाहिले, तर शेतकऱ्याचा निम्मा संसार बिडावर उभा आहे. हे बीड झिजते तेव्हा पैसा शेतकऱ्याच्या खिशातून जातो. नेमका वाफसा आला असताना एखादा भाग मोडला, तर पैशापेक्षा मोठे नुकसान होते. भाग मिळेपर्यंत वाफसा थांबत नाही.

आपण जमलो आहोत ते विश्रांतवाडी हे ठिकाणही या विषयाला शोभणारे आहे. आषाढीला माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला येताना येथूनच जाते. याच आळंदी रस्त्याने दिघीपर्यंत जाऊन भोसरीकडे वळले की कारखान्यांचा पट्टा लागतो. नदीपलीकडे खडकी आहे. तेथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना सुरू झाला आणि त्याची इंजिने महाराष्ट्रातल्या विहिरींवर पोहोचली. एका बाजूला धानोरी, लोहगाव, चऱ्होलीची शेती आणि दुसऱ्या बाजूला भट्ट्या व लेथ, असा हा परिसर. शेते आता बरीच इमारतींखाली गेली, तरी शेती आणि ओतशाळा यांचे नाते तुटलेले नाही.

लोखंडी नांगराची आठवण

हे नाते महाराष्ट्रात कसे जुळले ते थोडक्यात सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. त्या वेळी लाकडी नांगरच सगळीकडे होता. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. त्यामुळे पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ जागा दिली व १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने हरळी-कुंद्याची जमीन खोल उलटली जाते, हे डोळ्यांनी दिसल्यावर विषाची गोष्ट आपोआप मागे पडली.

तो समज गेला, पण त्याची जागा आज दुसऱ्या समजाने घेतली आहे. तो असा, की लोखंड जितके कठीण तितके टिकाऊ. दुकानदारही तेच सांगतो, ‘एकदम कडक माल आहे, झिजणारच नाही.’ यातले अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे शेतकरी फसतो. म्हणून आधी झीज म्हणजे काय ते पाहू आणि मग बिडाच्या जाती पाहू.

झीज तीन प्रकारची

शेतीतल्या यंत्रांची झीज मुख्यतः तीन तऱ्हांनी होते.

पहिली घासण्याची झीज. वाळूचा कण लोखंडावरून ओरखडा काढीत जातो. नांगराचा फाळ, वखराची पास, पंपाचा इंपेलर म्हणजे आतला फिरता पंखा आणि भातगिरणीचा हलर यांची झीज बहुतांशी अशी असते.

दुसरी आदळण्याची झीज. दगड फाळावर आदळतो, हॅमर मिलच्या हातोड्यांवर दाणा आणि कधी खिळाही आदळतो. येथे धातूचे कपचे उडतात किंवा भागच मोडतो.

तिसरी लोखंडावर लोखंड सरकण्याची झीज. इंजिनच्या लायनरमध्ये पिस्टनच्या रिंगा सरकतात, बेअरिंगमध्ये शाफ्ट फिरतो. येथे मध्ये तेल असते. तेल गेले किंवा तेलात धूळ आली की झीज वाढते.

याशिवाय उसाचा रस, शेण, खत व खारे पाणी यांनी लोखंड गंजते. गंजाचा पापुद्रा घासून निघतो आणि खाली पुन्हा गंज चढतो. हीदेखील झीजच आहे.

या तीन झिजांवर एकच औषध चालत नाही. पहिलीसाठी कठीणपणा हवा, दुसरीसाठी चिवटपणा हवा, तिसरीसाठी तेल धरून ठेवणारा पृष्ठभाग हवा. कठीणपणा आणि चिवटपणा हे गुण सहसा एकमेकांच्या विरोधात जातात. एक वाढवला की दुसरा कमी होतो. सगळी निवड या एका अडचणीभोवती फिरते.

वाळू लोखंडाला का खाते?

कठीणपणा मोजण्याची एक पद्धत अशी, की हिऱ्याचे टोक ठराविक वजनाने धातूवर दाबायचे आणि पडलेला खळगा मोजायचा. त्यावरून जो आकडा निघतो त्याला विकर्स अंक म्हणतात. आकडा मोठा तितका पदार्थ कठीण.

साध्या करड्या बिडाचा अंक साधारण २०० ते २५० येतो. लोहाराने पाणी दिलेल्या चांगल्या पोलादाचा ५०० पासून ८०० पर्यंत जातो. आता वाळू पाहा. वाळूतला व गारेतला मुख्य खनिज पदार्थ म्हणजे क्वार्ट्झ. त्याचा अंक सुमारे १००० ते १२०० असतो. म्हणजे वाळूचा कण पाणी दिलेल्या पोलादापेक्षाही कठीण आहे. चाकूने भोपळा कापावा तसा तो लोखंडावर रेघ ओढतो. जो पदार्थ वाळूपेक्षा कठीण, त्याच्यावर मात्र वाळूची मात्रा चालत नाही आणि झीज एकदम खाली येते. झीज रोखणाऱ्या बिडाचे सारे शास्त्र वाळूपेक्षा कठीण असे काहीतरी लोखंडात मिसळण्याचे शास्त्र आहे.

यावरून हेही कळते, की फाळाचे आयुष्य जमिनीवर अवलंबून असते. दख्खनच्या काळ्या जमिनी बेसाल्ट खडकापासून झाल्या आहेत. त्यांत चिकणमाती पुष्कळ आणि क्वार्ट्झची वाळू कमी. तेथे फाळ हळू झिजतो, पण माती चिकटते व ओढ वाढते. काही भागांत याच खडकातल्या गारगोट्या वर येतात, त्या फाळाला घासतातही आणि आदळतातही. पूर्व विदर्भात जुन्या ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या जमिनी आहेत, तेथे क्वार्ट्झ भरपूर. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात तर सिलिका वाळूच्या खाणी आहेत आणि ती वाळू ओतशाळांमध्ये साचे करायला जाते. अशा रेताड जमिनीतला शेतकरी आणि काळ्या रानातला शेतकरी यांनी एकाच फाळाकडून सारखीच अपेक्षा ठेवू नये.

बिडाच्या जाती

लोखंडात कार्बन मिसळलेला असतो. सुमारे दोन टक्क्यांपर्यंत कार्बन असेल तर ते पोलाद. त्याहून अधिक, साधारण अडीच ते चार टक्के असेल तर ते बीड. कार्बन वाढल्याने लोखंड कमी उष्णतेवर वितळते व साच्यात सहज पसरते, म्हणून बिडाचे ओतकाम स्वस्त पडते. मात्र बीड भट्टीत तापवून ऐरणीवर ठोकता येत नाही, घणाखाली त्याचे तुकडे होतात. पोलादी फाळाचे टोक लोहार वाढवून देतो, बिडाचा फाळ मात्र बदलावाच लागतो.

बिडाचा गुण हा त्यातला कार्बन कोणत्या रूपात बसला आहे यावर ठरतो.

१) करडे बीड : यात कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो. पेन्सिलीच्या शिशात असते तेच हे ग्रॅफाइट. तुटलेला भाग करडा दिसतो. हे बीड कानशीला लागते, लेथवर चांगले कापले जाते, कंप शोषून घेते. ग्रॅफाइट स्वतः वंगणाचे काम करते व तेल धरून ठेवते. म्हणून इंजिनचे लायनर, ब्रेक ड्रम, पंपाची बॉडी यांना हेच बीड योग्य. मातीत घासण्याच्या कामी मात्र ते फार टिकत नाही. भारतीय मानक आयएस २१० मध्ये याच्या प्रती दिल्या आहेत. पंपाच्या कागदावर ‘एफजी २००’ असे लिहिलेले असते, ती यातलीच एक प्रत.

२) पांढरे बीड : सिलिकॉन कमी ठेवले व ओतीव लवकर थंड झाली, तर कार्बनला ग्रॅफाइट होण्यास सवड मिळत नाही. तो लोखंडाशी संयोग पावून आयर्न कार्बाइड बनतो. याचा विकर्स अंक ८०० च्या पुढे जातो. तुटलेला भाग चांदीसारखा पांढरा दिसतो. कानस त्यावरून घसरते, ड्रिल चालत नाही. घासण्याला चांगले, पण काचेसारखे ठिसूळ.

३) चिल्ड बीड : यात वरच्या दोघांचा मेळ आहे. साच्यात जेथे कठीणपणा हवा तेथे वाळूऐवजी लोखंडाचा तुकडा ठेवतात. त्याला लागलेला रस झटकन गोठतो व वरचा थर पांढरा, कठीण होतो. आतला गाभा सावकाश थंड होऊन करडा राहतो. इंग्लंडमध्ये इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये याच युक्तीने नांगराचा फाळ केला. त्यांच्या फाळाची खालची बाजू कठीण व वरची मऊ असे. वरची बाजू लवकर झिजे, खालची पातळ कठीण कड पुढे राही, आणि फाळ चालता चालता आपणच धार लावून घेई. पुढे अमेरिकेत साउथ बेंड गावच्या जेम्स ऑलिव्हर यांनी चिल्ड बिडाच्या नांगराचा मोठा कारखाना काढला. भातगिरणीच्या हलरचा रूळ आणि मैदा-रव्याच्या रोलर मिलचे रूळ चिल्ड बिडाचे असतात.

४) निकेल-क्रोमियमचे बीड : बाजारात याला ‘नि-हार्ड’ म्हणतात. यात साधारण तीन ते पाच टक्के निकेल आणि दीड ते चार टक्के क्रोमियम असते. कार्बाइडभोवतीचा धातूही पाणी दिलेल्या पोलादासारखा कठीण होतो. मात्र निकेल महाग असते.

५) उच्च क्रोमियमचे बीड : यात १२ ते २८ टक्क्यांपर्यंत क्रोमियम असते. क्रोमियमचे जे कार्बाइड बनते त्याचा विकर्स अंक सुमारे १२०० ते १८०० असतो. म्हणजे ते वाळूपेक्षा कठीण आहे. शिवाय हे कार्बाइड पांढऱ्या बिडातल्यासारखे सलग जाळे करून बसत नाही, सुटे सुटे बसते. त्यामुळे हे बीड पांढऱ्या बिडापेक्षा थोडे चिवट असते. क्रोमियम जास्त असल्यास ते गंजालाही दाद देत नाही. खाणीतले गाळाचे पंप, सिमेंट गिरण्यांचे गोळे व अस्तर यांना हे वापरतात. निकेल-क्रोमियमची व उच्च क्रोमियमची ही बिडे आयएस ४७७१ या मानकात येतात.

६) एस. जी. आयर्न : वितळलेल्या बिडात थोडे मॅग्नेशियम घातले तर ग्रॅफाइटचे पापुद्रे न होता गोळ्या होतात. १९४० च्या दशकात हा शोध लागला. पापुद्र्याच्या टोकाशी चीर सुरू होते, गोळीपाशी होत नाही. म्हणून हे बीड आघात सोसते व थोडे वाकतेही. ते ठराविक उष्णतेला तापवून, मग २५० ते ४०० अंश सेल्सिअसच्या क्षारांच्या द्रवात काही वेळ ठेवले, की कठीणपणा व चिवटपणा दोन्ही वाढतात. त्याला ‘एडीआय’ म्हणतात. परदेशात नांगराची टोके व पेरणी यंत्रांचे भाग याचे करतात.

कोणत्या कामाला कोणते?

आता आपल्या शिवारातली यंत्रे एकेक करून पाहू.

पंप : विहिरीच्या स्वच्छ पाण्याला करड्या बिडाचा पंप पुरेसा आहे. नदीतले, नव्या विंधन विहिरीतले किंवा तळ गाठलेल्या विहिरीतले पाणी वाळू आणते, तेव्हा इंपेलरच्या कडा व गळ्याची रिंग खाल्ली जाते. पंप चालतो, वीज तेवढीच जळते, पाणी मात्र कमी पडते. शेतकरी मोटारीला दोष देतो, पण दोष झिजलेल्या फटीचा असतो. लक्षात ठेवावे, की वाळूच्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर झीज दुप्पट होत नाही, चौपट ते आठपट होते. म्हणून गरजेपेक्षा जास्त दाबाचा पंप घेऊ नये. फूटव्हॉल्व्ह तळापासून वर ठेवावा. नवी विंधन विहीर पाणी स्वच्छ येईपर्यंत उपसून घ्यावी. वाळू थांबतच नसेल तर ठिबकसाठी हायड्रोसायक्लोन वापरतोच, पण तो पंपाच्या पुढे असल्याने पंपाला वाचवत नाही, हेही ध्यानात घ्यावे. उच्च क्रोमियमचा इंपेलर गाळ उपसणाऱ्या पंपाला शोभतो. साध्या विहिरीवर तो घेणे म्हणजे सशासाठी तोफ.

इंजिन व ट्रॅक्टर : लायनर करड्या बिडाचा असतो आणि तोच योग्य आहे. नव्या लायनरच्या आत बारीक तिरप्या रेघा असतात. त्या तेल धरण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या असतात, पॉलिश पेपरने घासून काढू नयेत. लायनरचा खरा शत्रू धूळ आहे. मळणीच्या दिवसांत एअर क्लीनरच्या वाटीतले तेल रोज पाहावे व गाळ साचला असल्यास बदलावे. धूळ आत गेली की सर्वोत्तम बीडही एका हंगामात जाते.

उसाचा चरक : येथे आपल्या समजाला सर्वांत मोठा धक्का बसतो. चरकाच्या लाटा मुद्दाम जाड दाण्याच्या करड्या बिडाच्या करतात. तसे बीड झिजतानाही खरखरीत राहते आणि ऊस पकडते. लाट फार कठीण केली तर ती घासून गुळगुळीत होते, ऊस घसरतो आणि रस चिपाडात राहतो. झीज वाचली, पण गुळाचा उतारा गेला, असा तो व्यवहार होईल. साखर कारखान्यात लाटांच्या दात्यांवर कठीण वेल्डिंगचे थेंब टाकून त्या मुद्दाम खडबडीत करतात, ते याच कारणाने. कोल्हापूर भागातल्या ओतशाळा पिढ्यान्पिढ्या गुऱ्हाळाचे व इंजिनचे ओतकाम करीत आल्या आहेत. त्यांना हे चांगले ठाऊक आहे. शेतकऱ्याने एक करावे, उसाच्या मोळीला लागलेली माती व दगड झटकून मगच ऊस चरकात घालावा.

भातगिरणी : भाताचे तूस जाळून जी राख उरते तिच्यात सुमारे ८५ ते ९० टक्के सिलिका असते. म्हणजे हलरमध्ये आपण एक प्रकारे वाळूच दळतो. येथे आघात नाही, केवळ घासणे आहे. म्हणून चिल्ड बिडाचा रूळ घ्यावा. साध्या करड्या बिडाचा स्वस्त रूळ लवकर गुळगुळीत होतो, मग गिरणीवाला दाब वाढवतो आणि कणी वाढते. स्वस्त रुळाची किंमत अशी तांदळातून वसूल होते.

हॅमर मिल : पशुखाद्याच्या हातोड्यांना घासणे आणि आदळणे दोन्ही आहे. मका-ज्वारी स्वच्छ असेल व पुढे लोहचुंबक बसवला असेल, तर कठीण हातोडे चालतात. खिळे, तारा येण्याची शक्यता असेल, तर चिवट पोलादी हातोडेच बरे. हातोड्याचा एक कोपरा झिजला की उलटून दुसरा वापरावा. चार कोपरे असतील तर चार आयुष्ये मिळतात. मात्र सर्व हातोडे एकदमच उलटावेत, नाहीतर तोल बिघडून बेअरिंग जाते.

नांगर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर : ट्रॅक्टरच्या अवजारांचे फाळ व पाती आज बहुधा पोलादाची असतात आणि ते योग्य आहे. आपल्या जमिनीत दगड, मुळ्या, जुने बांध असतात. रोटाव्हेटरच्या पात्याला तर मिनिटाला शेकडो धक्के बसतात. तेथे पांढऱ्या किंवा उच्च क्रोमियमच्या बिडाचे पाते कोणी देऊ केले, तर घेऊ नये. ते मोडेल आणि उडालेला तुकडा माणसाला लागेल. निव्वळ रेताड, दगड नसलेल्या जमिनीत मात्र कठीण थराच्या फाळाचा फायदा होतो.

पोलादी फाळावर कठीण थर

ज्यांना दोन्ही गुण हवे आहेत त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. फाळ पोलादाचा घ्यावा आणि त्याच्या टोकावर व कडेवर उच्च क्रोमियमच्या वेल्डिंग रॉडचा थर द्यावा. त्याला हार्डफेसिंग म्हणतात. हा थर म्हणजे एक प्रकारे उच्च क्रोमियमचे बीडच असते. आत चिवट पोलाद आणि वर वाळूला न जुमानणारे कवच. काही गोष्टी सांभाळाव्यात.

१) थर नव्या फाळालाच द्यावा. फाळ झिजून कागदासारखा झाल्यावर थर देऊन उपयोग नाही.

२) थर एकाच बाजूला द्यावा. दुसरी बाजू मऊ राहिली तर रॅन्समच्या फाळाप्रमाणे धार आपोआप राहते.

३) थर पातळ असावा, एक-दोन फेऱ्या पुरे. जाड थर कपच्यांनी उडतो.

४) थरावर आडव्या बारीक चिरा दिसल्या तर घाबरू नये. या थराला अशा चिरा पडतातच. चीर आतल्या पोलादात जाता कामा नये, एवढेच पाहावे.

५) थर दिलेला फाळ पुन्हा भट्टीत घालून ठोकू नये.

याउलट बिडाचा मोडलेला भाग साध्या रॉडने जोडू नये. जोडाच्या बाजूला बीड पांढरे, ठिसूळ होते व तेथेच पुन्हा तडकते. करड्या बिडाला आधी सर्वत्र सारखी ऊब देऊन, निकेलच्या रॉडने थोडे थोडे वेल्डिंग करून, नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निवू द्यावे लागते. गरम भागावर पाणी कदापि टाकू नये. पांढऱ्या व उच्च क्रोमियमच्या बिडाच्या जोडकामाच्या नादी लागू नये.

भाग ओळखावा कसा?

दुकानात विकर्सचे यंत्र नसते. तरी चार साध्या खुणा कामी येतात.

कानस लावून पाहावी. करडे बीड कानशीला लागते आणि बोटाला काळी भुकटी लागते. कठीण बिडावरून कानस घसरते.

जुना मोडलेला भाग पाहावा. करडा रंग म्हणजे करडे बीड, पांढरी चकाकी म्हणजे पांढरे बीड, कडेला पांढरे व आत करडे म्हणजे चिल्ड.

भाग टांगून हलकेच ठोकावा. एस. जी. आयर्न घंटेसारखे वाजते, करड्या बिडाचा आवाज बसका येतो. चिरलेला कोणताही भाग बद्द वाजतो.

ग्राइंडरवर ठिणगी पाहावी. पोलादाची ठिणगी लांब व उजळ, बिडाची आखूड व तांबूस.

याशिवाय ओतीव नीट पाहावी. बारीक छिद्रे, वाळू अडकलेले खळगे, भोकाजवळच्या चिरा असलेला माल परत करावा. बिल घ्यावे आणि त्यावर धातूची प्रत लिहून मागावी. ‘कडक माल’ ही काही प्रत नव्हे.

हिशोब एकराचा मांडावा

शेवटी पैशाचे बोलू. भागाची किंमत नगावर न पाहता एकरावर पाहावी. समजा, एक फाळ ३०० रुपयांना मिळतो आणि १२ एकर चालतो. एकरी २५ रुपये पडले. दुसरा ७५० रुपयांना मिळतो आणि ५० एकर चालतो. एकरी १५ रुपये पडले. शिवाय फाळ बदलण्याचा खोळंबा कमी झाला. महाग फाळ स्वस्त ठरला. आता हाच ७५० चा फाळ दगडाळ रानात दहाव्या एकराला मोडला तर? एकरी ७५ रुपये. तोच माल, तोच भाव, पण जमीन बदलली आणि हिशोब उलटला.

हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या रानातून यायला हवेत. त्यासाठी एक साधी वही करावी. भाग कधी बसवला, कितीला आणला, कोणत्या शेतात किती एकर चालला आणि शेवटी झिजला की मोडला, एवढेच लिहावे. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. भाग वेळेआधी झिजून जात असेल तर पुढच्या वेळी अधिक कठीण घ्यावा. मोडत असेल तर अधिक चिवट घ्यावा, मग तो थोडा लवकर झिजला तरी चालेल. दोन हंगामांची वही हातात असली, तर दुकानदार तुम्हाला काय घ्यायचे ते सांगणार नाही, तुम्हीच त्याला सांगाल.

गावातल्या चार-सहा जणांनी अशा वह्या एकत्र केल्या, तर त्याचा आणखी एक उपयोग आहे. एकटा शेतकरी ओतशाळेत गेला तर त्याच्या एका फाळासाठी कोणी साचा बदलत नाही. पण पन्नास नगांची मागणी, सोबत जमिनीचा प्रकार आणि जुना मोडलेला नमुना घेऊन गेलात, तर ओतशाळेचा माणूस बसून ऐकतो. त्याला जमीन ठाऊक नसते आणि आपल्याला धातू ठाऊक नसतो. दोघांनी एकमेकांना विचारले, तर दोघांचाही फायदा आहे.

निघण्यापूर्वी एवढे पक्के करून जावे. केवळ वाळू घासत असेल तर कठीण बीड, दगड आदळत असेल तर चिवट धातू, तेलात सरकत असेल तर करडे बीड, आणि चरकासारखी पकड हवी असेल तर खरखरीत बीड. दुकानात गेल्यावर ‘चांगले लोखंड द्या’ असे म्हणू नये. माझ्या रानात हा भाग कशाने जातो, हे आधी सांगावे आणि मग लोखंड मागावे.